दातांनी ऐकलेलं इंजिन

माझ्या बाबांनी, म्हणजे डहाणू बंदरावरच्या भिका तांडेलांनी, आयुष्यात एकही मोटारींची शर्यत पाहिलेली नाही. त्यांना साधी स्कूटर चालवता येत नाही. तरी कुणी नुसतं विचारावं, खोदादाद शेठ कोण, की बाबा हातातला पाना खाली ठेवून तासभर सांगत बसतात. चाळीसेक वर्षांपूर्वी सुके बोंबील बांधायला आणलेल्या जुन्या रद्दीत त्यांना एक फोटो सापडला होता. लाल रेसची गाडी आणि शेजारी कप घेतलेला तरणाबांड माणूस. नाव खोदादाद, आणि गाडी त्याने स्वतः बांधली होती, असं खाली छापलं होतं. बाबा तेव्हा बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकत होते. आपण बांधायची आणि आपणच पळवून जिंकायचं, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आई म्हणते, त्या कागदाला देवापेक्षा जास्त जपलंय.

मागच्या डिसेंबरात सरावलीच्या एका चिकूवाडीतून फोन आला. बाबांचे हात ग्रीसमध्ये होते म्हणून मी घेतला. वाडीमालकाचे मामा मुंबई सोडून तिथे राहायला आले होते, सोबत एक जुनी रेसची गाडी होती. रविवारी ती घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं आणि गाडी सुरूच होत नव्हती. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले, तेव्हा कुणीतरी बोटींच्या मेकॅनिकचं नाव सुचवलं. मी मामांचं नाव विचारलं आणि बाबांना सांगितलं.  त्यांनी आंघोळ केली, लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्ट घातला आणि ग्रीसच्या कामाला निघाले. मी हसले तर रागावले.

खोदादाद शेठ ऐंशीच्या पुढचे, खुर्चीत बसलेले. बाबांनी वाकून नमस्कार केला आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एका दमात सांगून टाकलं. शेठ नुसते बघत राहिले.

"त्यांना ऐकू येत नाही," भाचा म्हणाला. "इंजिनांच्या आवाजानेच कान गेले."

मला फार वाईट वाटलं. बाबांनी मात्र बंदरावरचा आवाज लावला. "शेठ, गाडी का विकता?" चिकूवरच्या साळुंक्या उडाल्या; शेठना मात्र ओठ बघून शब्द कळले.

"जिचा आवाज मला येत नाय ती ठेवून काय करू?" शेठ म्हणाले. "रोज बघून जीव जळते."

 बाबा कामाला लागले. कार्ब्युरेटर खोलला, धुतला, तारा बदलल्या. दुपारी इंजिन सुरू झालं. असा आवाज की माझ्या छातीत धडधडलं. शेठ दुसरीकडे बघत होते. ते बघून बाबांचा चेहरा उतरला.

बंदरात चार बोटी एकदम सुरू असल्या की कुठला आवाज कुठल्या इंजिनाचा ते कानाला कळत नाही. तेव्हा बाबा बांबूची एक कांब इंजिनावर टेकवतात आणि दुसरं टोक पुढच्या दातांत धरतात. खडखड थेट डोक्यात जाते. या नादात त्यांचा एक दात अर्धा गेलाय. तीच कांब त्यांनी पिशवीतून काढली, पांढऱ्या शर्टाला पुसली आणि शेठपुढे धरली.

"अहो, हे काय?" भाचा पुढे आला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कांब स्वतः दातांत धरून दाखवली, परत पुसली, दिली.

शेठ उठले, वाकले, कांब दातांत धरून त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने पाहिलं तर त्यांचा उजवा पाय चपलेत दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. गालांवरून पाणी येत होतं. मीही रडले, लपवत नाही.

मग त्यांनी कांब काढली आणि बाबांकडे कडक नजरेने पाहिलं. "दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजते. तुला कळला नाय?"

बाबांनी कांब घेऊन ऐकलं. खरंच, झडप ढकलणारा तो बारका तुकडा सैल होऊन वाजत होता. "चुकलं शेठ."

"आधी नीट कर," शेठ म्हणाले, आणि भाच्याकडे वळले. "त्या रविवारवाल्याला फोन कर. नको येऊ म्हण."

बाबांना आपली चूक काढलेली खपत नाही. आईने काढली तर दोन दिवस अबोला असतो. त्या संध्याकाळी मात्र ते बंदरावर एकेका बोटीपाशी थांबत होते आणि मोठ्याने सांगत होते, "टॅपेट मला नाही कळला. खोदादाद शेठना कळला."