चार नवी भोकं

माणूस खात्यातून निवृत्त होतो, पण खातं काही माणसातून निवृत्त होत नाही. हा गृहस्थ तीस वर्षं दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासत हिंडला. कुणाचं माप दोन ग्रॅम कमी भरलं की याचा दिवस सोन्याचा. गल्लीने त्याचं नाव ठेवलं तोळामासा. ते कानावर आलं तेव्हा रागवायचं सोडून हा खूश झाला. टोमणा कळायला जे लागतं, ते खात्याने त्याला कधी पुरवलं नव्हतं.

बायको नर्स. तो सहा फूट, ती चार फूट दहा इंच. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिला खोक्यावर उभं केलं होतं. घरातली गाडी तिच्या पगारातून आलेली, जुनीच घेतलेली, आणि चाळीस वर्षं ती चालवलीही तिनेच. अडलेल्या बायकांच्या दारात ती गाडी वेळेवर पोचली म्हणून जगात आलेली माणसं आज स्वतः आईबाप झाली आहेत. तोळामासा लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, आणि मग त्याला शोध लागला की गाडी चालवणं हे ड्रायव्हरचं काम, मालकाने शेजारी बसायचं असतं. नवऱ्यांना असे शोध बरोबर वेळेवर लागतात.

निवृत्तीनंतर तो जुन्या गाड्यांच्या शौकिनांत जाऊन बसायला लागला. तिथे सगळे एकमेकांना साहेब म्हणतात आणि जितकं जुनं तितकं खानदानी मानतात. आपली गाडी पंचेचाळीस वर्षांची, म्हणजे त्या मंडळींत कालचं पोर, हे कळल्यावर याने तिला आतून म्हातारी करायला घेतलं. त्याच कंपनीच्या, पण वीस वर्षं आधीच्या गाडीचं स्टिअरिंग भंगारातून आणलं, परातीएवढं. काचा खालीवर करायच्या मुठी आणल्या, त्या उलट्या फिरत. राखदाणी बसवली. शेजाऱ्याने विडी पेटवली तरी इकडे खोकणारा माणूस हा.

"आता विडी तेवढी शिकून घ्या," बायको म्हणाली. "राखदाणीला वाईट वाटायला नको."

"तुला यातलं कळत नाही," तो म्हणाला.

इथवर तिनेही सोडून दिलं. रिकामा नवरा घरभर लुडबुडत फिरण्यापेक्षा गाडीत डोकं घालून बसलेला बरा.

मग आली सीट. पुढच्या दोन सुट्या सीटा काढून त्याने त्या जुन्या मॉडेलची लांबलचक, एकसंध सीट आणली. गिअर मुळातच स्टिअरिंगपाशी होता, म्हणून मध्ये अडलं नाही. अडलं खाली. आधीच्या सीटा पुढेमागे सरकत. या सीटचे रूळ गंजून दगड झाले होते.

"सरकायची नाही ही, साहेब," कुशनवाला म्हणाला. "सरळ बोल्टने जखडावी लागेल. कुणाच्या पायाने बसवू?"

"माझ्या," तोळामासा म्हणाला, आणि पोलादी टेप काढून स्वतःच्या तंगडीचं माप मिलिमीटरपर्यंत सांगितलं.

"पण चालवतात तर वहिनी ना?"

"तू माप लिहून घे."

त्या मापाला सीट गाडीच्या मूळ भोकांत चपखल बसली, पत्र्याला नवं भोक पाडावं लागलं नाही. तोळामासा इतका हरखला, जणू ती भोकं चाळीस वर्षं त्याच्याच तंगड्यांची वाट पाहत होती.

हे झालं बुधवारी. गुरुवार हा बायकोचा बहिणीकडे जायचा वार. धाकटी बहीण, पन्नास किलोमीटरवर एकटी राहणारी, अर्धांगाने दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला बघणाऱ्या बाईची गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी तिला उठवणं, पुसणं, कुशीवर वळवणं मोठीने करायचं. एक गुरुवार चुकला तर पाठीला जखम होते. नर्सला हे कुणी सांगायला नको.

सकाळी सातला ती पिशवी घेऊन गाडीत बसली. पाय पुढे केला, तर पायाखाली हवा.

"अहो, क्लच कुठाय?"

"आहे तिथेच आहे."

"क्लच तिथेच आहे, कळलं. मला कुठे नेऊन ठेवलंत?"

तो आतून दोन उशा घेऊन आला. उशा पाठीशी घेतल्यावर बोटं कशीबशी टेकली. पण नवं रेक्झिन गुळगुळीत. फाटकातून बाहेर पडताना एक उशी सटकली, पाय क्लचवरून सुटला, गाडीने गचका खाल्ला आणि भर रस्त्यात बंद पडली. मागचा रिक्षावाला बोलला ते लिहिण्यासारखं नाही, पण चुकीचंही नव्हतं.

ती बसने गेली. दोन बस बदलून, वर वीस मिनिटं पायपीट. पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते आणि बहीण सकाळपासून ओल्यात पडली होती.

"मला वाटलं, विसरलीस," बहीण म्हणाली. तोंड एका बाजूने वाकडं, शब्द जड.

"विसरले नाही. तुझ्या भावजींनी सीट बदलली."

बहिणीच्या चांगल्या बाजूचा ओठ हसला. पाठीवर मात्र रुपयाएवढा लाल डाग उठला होता.

संध्याकाळी घरी येऊन तिने पिशवी खाली ठेवली आणि विषयालाच हात घातला. "सीट वीतभर पुढे घ्या."

"नवी भोकं पाडावी लागतील. मूळ पत्रा आहे तो."

"मग?"

"प्रदर्शन दहा दिवसांवर आलंय. परीक्षक खाली वाकून बघतात. एवढं होऊ दे, मग बघू."

"म्हणजे पुढचाही गुरुवार गेला."

"बस आहे की."

ती पिशवी रिकामी करायला लागली. हा माणूस गप्प बसण्याला होकार समजतो, चाळीस वर्षं तसाच समजत आलाय. पुढचा गुरुवार तिने बसने केला, पहाटे पाचला निघून, दुखऱ्या कमरेवर हात ठेवून.

शुक्रवारी प्रदर्शनाचं पत्रक आलं. गाडी स्वतःच्या चाकांवर यायला हवी, आणि चालवणारं माणूस घरचंच हवं, भाड्याचा ड्रायव्हर चालणार नाही. तोळामाशाने ते तीनदा वाचलं. मग चहाचा कप स्वतः विसळला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"रविवारी मैदानापर्यंत गाडी नेशील ना?"

"नेईन की. पाय पुरला तर."

"दोन उशा…"

"उशांवर तुम्ही बसा."

"प्रदर्शन झाल्यावर मी शब्द देतो…"

"शब्द नको. भोकं पाडा."

कुशनवाला आला. ड्रिल लावलं तसा तोळामासा अंगणात जाऊन उभा राहिला, आत पोटच्या पोराचं ऑपरेशन चालू असल्यासारखा. या वेळी माप तिच्या पायाचं घेतलं. चार भोकं पडली, सीट पुढे आली, क्लच तिच्या तळव्याखाली आला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, जे पहिल्याच दिवशी कुणाही शहाण्याच्या आलं असतं. सीट एकसंध. ती पुढे आली की शेजारचाही पुढे येतो. सहा फुटांचा मालक आत बसला तेव्हा त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकून हनुवटीशी आले.

"मागे बसा," ती म्हणाली.

"मालक मागे बसत नसतो."

रविवारी तो तसाच, घडी घातलेल्या खाटेसारखा, मैदानावर पोचला. परीक्षक म्हणजे एक म्हातारा मेकॅनिक. त्याने दार उघडून आत नजर फिरवली.

"गाडी कितव्या सालची?"

तोळामाशाने गाडीचं साल सांगितलं, मग स्टिअरिंगचं, मग सीटचं, राखदाणीचंही.

"म्हणजे मुलगा बापापेक्षा वीस वर्षांनी मोठा," म्हातारा म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला. खाली वाकायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. जो पत्रा जपायला एक आजारी बाई अर्धा दिवस ओल्यात निजली, त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सोमवारी तोळामासा पाना घेऊन उभा. "आता सीट जुन्या भोकांत घ्यायला हरकत नाही. माझे गुडघे…"

"घ्या. गाडी तुम्ही चालवणार असाल तर आत्ता घ्या."

पाना खोक्यात गेला.

गुरुवारी सकाळी सातला ती निघाली, तर हा पुढच्या दाराशी तयार. गाडी घेऊन ही एकटी जाईल ही कल्पना काही त्याला सोसवेना. तिने दार उघडून दिलं. पन्नास किलोमीटर तो हनुवटीला गुडघे लावून बसला आणि प्रत्येक खड्ड्याला "हळू" म्हणाला. ती नेहमीच्याच वेगाने गेली.

बहिणीच्या दारात गाडी थांबली तेव्हा सव्वाआठ झाले होते. तोळामाशाने एक पाय बाहेर काढला. दुसरा येईना.

"अगं, जरा हात दे."

पण तोवर ती पिशवी घेऊन आत गेली होती. बहीण कोरडी होती, आणि तशीच राहायची तर तिला आत्ताच उठवायला हवं होतं.