एकतीस म्हणायची हिंमत

आमची सिनापाटी कुणाला भ्यायची नाही. माझी नणंद ती, पण खरं ते खरं. कोंबड्या कापायच्या कारखान्यात आठ वर्षं सुरी चालवतेय, हात असा की बघत राहावं. महिन्याभरापूर्वी आलेल्या गोऱ्या कर्स्टनला तिनेच काम शिकवलं. आणि चहाच्या सुट्टीत ती पोरगी सहज बोलून गेली, "मला तासाला एकतीस डॉलर मिळतात."

सिनाला पंचवीस मिळत होते!

"आकडा सांगितला कुणी तुला?" मी कर्स्टनला विचारलं.

"बहिणीच्या नवऱ्याने. तो साहेबांबरोबर मासे धरायला जातो ना. म्हणाला, एकतीस माग, देतात."

आम्हाला कोण सांगणार, कप्पाळ? सामोआ बेटांवरून आलेल्या आमच्या चर्चमधल्या अकरा जणींना इथे फुआटिनो मावशीने शब्द टाकून लावलं. विचारावं तर सगळ्या पंचवीसवाल्याच. एकोणीस वर्षं राबून खुद्द मावशीला सत्तावीस.

एकतीस मिळाले तर सिनाचं संध्याकाळचं झाडूपोछ्याचं काम सुटणार होतं. तिची पोरं आईशिवायच जेवून झोपत होती.

सिना एकतीस मागणार, हे मावशीला कळलंच. "सिना, माझं नाक कापू नकोस गं! साहेब चिडला, अकरा जणींना घरी बसवलं, तर रविवारी मी कुठल्या तोंडाने चर्चला जाऊ?"

तरी गुरुवारी सिना साहेबाच्या खोलीत गेली. मी दाराशी कान लावून उभी. आरशासमोर चार दिवस 'एकतीस' घोकलं होतं तिने. आत जाऊन तिने आधी, मावशीला दोष देऊ नका, म्हणत माफी मागितली.

"किती हवेत?" साहेबाने विचारलं.

मेली अडकली, मला कळलं. थोरल्या मावशीच्या सत्तावीसपेक्षा जास्त मागायची जीभ आमच्यात कुणाला आहे?

"सव्वीस," ती पुटपुटली.

"दिले." त्याने मानही वर केली नाही.

बाहेर येऊन तिने माझा हात धरला. "वहिनी, लगेच हो म्हणाला गं तो. लगेच!"

मावशीने तिला छातीशी धरलं. "देवाने वाचवलं!" सिना संध्याकाळी झाडूपोछ्याला गेली.

येत्या गुरुवारी साहेबाकडे जायची पाळी माझी. मावशीने काल कानात बजावलं, "सिना तुझ्या आधी लागलीय. तू साडेपंचवीसच माग हं."

मी मान डोलावली.