घरी सांगायला जाणाऱ्या मेश्राम मॅडम

शाळा सुटल्यावर मेश्राम मॅडम घराच्या उलट दिशेला चालू लागल्या, की आज कोणाला तरी शिक्षा झाली आहे, हे आम्हाला कळायचं. ओमती या जुन्या वस्तीजवळच्या आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत त्या गणित शिकवत. शिक्षा ज्यानं दिली त्यानंच त्या संध्याकाळी मुलाच्या घरी जाऊन ती सांगायची, हा त्यांनी स्वतःपुरता घालून घेतलेला नियम होता. मी सहावीत असताना त्या आमच्या दारात आल्या. चपलाही काढल्या नाहीत.

"आज याला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं. काहून केलं, ते सांगायला आली आहो. चूक वाटत असेल तर आत्ता बोला."

आई गोंधळली. "बसा ना मॅडम, चहा ठेवते."

"चहा नको. चहा प्यायला की बोलणं मऊ होते."

त्यांचे वडील आयुध कारखान्यात कामगार. लहानपणी एका मास्तरानं मॅडमच्या हातावर पट्टी मोडली होती आणि वडिलांना ते चार दिवसांनी कळलं. "त्याच दिवशी कळलं असतं तर बाबा शाळेत येऊन विचारते," असं त्या सांगत. शिक्षा योग्य की अयोग्य, हे ठरवण्याचा शेवटचा हक्क घरच्यांचा, हे त्यांचं मत तिथून आलं. "पोरगं त्यांचं आहे. आपल्याकडे सहा तास ठेवायला दिलंय, बस."

मुख्याध्यापिका झाल्यावर त्यांनी हा नियम सगळ्यांना लागू केला. स्टाफरूममध्ये कुरकुर झाली. एक तरुण शिक्षक म्हणाला, "मॅडम, माझ्या वर्गातला एक तर इतक्या लांब पाटनहून येतो. तिथवर जाऊ?"

"मग नको देऊ शिक्षा. पेट्रोल वाचते."

शिक्षा खरोखरच कमी झाल्या. मी तोवर इथल्या एका हिंदी दैनिकात शिक्षणाच्या बातम्या करत होतो. या नियमावर लिहायचं म्हणून मार्चमधल्या एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर गेलो.

आठवीतल्या रोशनीच्या दप्तरात मोबाईल सापडला होता. मॅडमनी तिला दिवसभर वाचनालयात एकटं बसवलं होतं. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. वडिलांनी आम्हाला पाहताच टीव्ही बंद केला. मॅडमचं बोलणं त्यांनी हात जोडून ऐकलं.

"आपने बहुत अच्छा किया, मॅडम. अब हम देख लेंगे."

रोशनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती वडिलांकडे पाहत नव्हती, मॅडमकडे पाहत होती. तिची आई उठली आणि कोणी काही न सांगता खिडक्या बंद करू लागली. आधी गल्लीकडची, मग शेजारच्या घराकडची. बाहेर उकाडा होता.

आम्ही गल्लीत आलो. मॅडम दहा पावलांवर थांबल्या. "खिडक्या काहून लावून राहिली ती?"

त्या मागे वळल्या आणि दार वाजवलं.

"जी मॅडम, कुछ छूट गया?"

"हाँ. चाय."

दीड तास त्या तिथं बसल्या. दोन कप चहा प्यायल्या. मोबाईल परत दिला, रोशनीच्या गणिताचं कौतुक केलं, शिक्षा पूर्ण झाली आहे, आता घरी आणखी काही नको, असं तीनदा सांगितलं. वडील प्रत्येक वेळी "बिलकुल जी" म्हणाले. शेवटी ते उठले. आवाज चढला नव्हता. "मॅडम, आप ही तो मीटिंग में कहती हैं, बच्ची घरवालों की है. तो अब घर पर छोड़िए."

मॅडम उठल्या. आम्ही बाहेर पडलो. आमच्या मागे कडी लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी रोशनी शाळेत आली नाही. मॅडमनी पोलिसांना कळवलं. एक हवालदार त्या घरी जाऊन आला. मुलगी मावशीकडे गेली आहे, असं त्याला सांगण्यात आलं. चौथ्या दिवशी वडिलांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज दिला. कारण: घरगुती. मावशी कुंडमला राहते, एवढं एका मैत्रिणीकडून कळलं.

आम्ही बसनं कुंडमला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. दार रोशनीनंच उघडलं. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मॅडम पुढे झाल्या, तसं तिनं दार अर्धं ओढून घेतलं.

"मॅडम, अंदर मत आइए. आप आती हैं तो बाद में मुझे ही…" तिनं मागे पाहिलं. "किसी से कुछ मत कहिएगा."

दार लागलं. मॅडमनी तिथल्याच ठाण्यात जाऊन प्लास्टरबद्दल तक्रार नोंदवली. त्या तक्रारीचं पुढे काय झालं, ते मी ठाण्यात अनेकदा विचारलं. पायरीवरून पडली, असा जबाब मुलीनंच दिला होता; प्रकरण तिथंच मिटलं.

परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं घरोघरी फिरली मी. निघायच्या आधी एकाही पोराला विचारलं नाही, की बाबू, घरी सांगू का?"

निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. त्या वर्षी त्यांनी नियम बदलला. शिक्षा झालेल्या मुलाला त्या आपल्या खोलीत एकटं बोलावत आणि तो एकच प्रश्न विचारत. मूल 'नको' म्हणालं, की कोणी त्या घरी जात नसे. मॅडमच त्या मुलाशी पुन्हा पुन्हा बोलत राहत. किती मुलं 'नको' म्हणाली, ते मी निरोपाच्या दिवशी विचारलं. त्यांनी आकडा सांगितला.

"छापू नको. आईबाप आपापल्या पोराला विचारतील, तू काय म्हणाला होता म्हणून."

मी छापला नाही.

मॅडम आता मुलाकडे नागपूरला असतात. शाळेनं नवं ॲप घेतलं आहे. मुलाला शिक्षा झाली, की त्याच मिनिटाला वडिलांच्या फोनवर मेसेज जातो. हा निर्णय पालकसभेनं एकमतानं घेतला.