ती नागीण नव्हती

“ही नागीण नाही. घरी ओले काजू कोण सोलतं?” डॉक्टरबाईंनी विचारलं. मी म्हटलं, “कोणी नाही.”

त्यांनी माझ्या मांडीवरच्या अकरा महिन्यांच्या बाबूकडे पाहिलं आणि मग माझ्या हातांकडे. बोटांची टोकं काळीकुट्ट, नखांभोवतीची कातडी सोललेली. आमच्या डिचोलीत असे हात कशाने होतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी हात ओढणीखाली घेतले, पण व्हायची ती शोभा झाली होती.

“केमिकल बर्न,” त्या म्हणाल्या. म्हणजे रसायनाने भाजणं. काजूच्या सालीतला चीक कातडी जाळतो, गालावरचे फोड त्याचेच. गाल बरा होईल, पण चीक डोळ्यात गेलाय. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा, सोलवटलाय. “पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं. आता नजर किती राहील ते दोन दिवसांनी सांगते.”

हे त्यांनी मला एकटीला, आतल्या खोलीत सांगितलं.

आमचं घर लाटंबार्से गावात. काजूला कोवळ्या बिया धरल्या की त्या चिरून आतला गर काढायचा, आणि दुपारच्या बसने तो म्हापशाच्या बाजारात पाठवायचा. नवरा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर, दिवसभर बाहेर. तो म्हणाला होता, “बाबू चालायला लागेपर्यंत थांब.” मी तोऱ्यात म्हटलं, “मी घरातच असणार ना?” घरात आहे म्हणजे मुलांजवळ आहे, असा माझा समज. प्रत्यक्षात मी अंगणात, लक्ष बसच्या वेळेकडे. सासूबाई गुरांमागे गेल्या की चार वर्षांच्या मुलीला सांगायचे, “बाबूक बघ गे.” चार वर्षांच्या पोरीला!

त्या दुपारी बाबू रडत, रांगत अंगणात आला. बस यायला थोडाच वेळ होता. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. हाताशी होतं ते फडकं उचललं आणि तोंड खसाखसा पुसलं. सकाळपासून त्याच फडक्याला मी चिकाचे हात पुसत होते. माझ्या हातांना मात्र चीक कमी बाधावा म्हणून खोबरेल चोळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गालापासून कानशिलापर्यंत फोडांची रांग उठली. सासूबाई घाबरल्या. “नागीण गे ही. तोंड आणि शेपूट जुळाच्या आदी थांबवूक होयी.” गावातल्या एका जाणत्याकडून त्यांनी लेप आणला, काव आणि कसलासा पाला वाटलेला, आणि दोन दिवस लावला. फडकं मला आठवत होतं. पण नागीण म्हटल्यावर, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. नागीण कुणाच्याही पोराला होते, त्यात आईचा काय दोष? तिसऱ्या सकाळी बाबूचा डोळा सुजून मिटला तो उघडेचना, तेव्हा आम्ही इस्पितळात धावलो.

वॉर्डात सासूबाईंनी ठरवूनच टाकलं की लेप डोळ्यात गेला. “माझ्या लेपान गेलो पोराचो डोळो.” नर्सला तेच, शेजारच्या खाटेवरच्या बाईला तेच. नवरा माझ्यासमोर त्यांच्यावर ओरडला, “तुका कोणी सांगलेलां गावठी औषध करूक?” त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. चहाशिवाय काही पोटात घेईनात. मी दर तासाला बाबूच्या डोळ्यात अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध, थेंब थेंब सोडत होते. तोंडातून एक शब्द काढला नाही.

दोन दिवसांनी सूज उतरून डोळा उघडला. डॉक्टरबाईंनी बॅटरी फिरवली, तसा बाबू उजेडामागे वळला. “पडदा भरून येतोय. नजर राहील.” मी रडत बाहेर आले आणि बाबूला सासूबाईंपुढे धरलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“माका नाका. माझे हात बरे न्हय.”

मग मला राहवेना. भर वॉर्डात सगळं सांगितलं: फडकं, चीक, डॉक्टरबाईंशी बोललेलं खोटं. वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाबूला घेतलं, त्याचा डोळा निरखून पाहिला आणि एवढंच विचारलं, “मगे दोन दीस माका रडत कित्याक ठेवलंस गे?”

घरी बसून काम करणाऱ्या बायांनो, काजू असो की शिलाई, कामाचं फडकं पोराला लावू नका. चुकून लागलंच तर भरपूर पाण्याने धुवा, तडक इस्पितळात न्या आणि काय घडलं ते खरं सांगा. डॉक्टरबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आता मी काम करते तेवढा वेळ सासूबाई मुलांना घेऊन आत बसतात. आमचं बोलणंचालणंही नीट आहे. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि तोंडावर उत्तर द्यायचा धीर मला झाला नाही. म्हणून इथे लिहिते. आई, तुम्ही रडत होता तोवर माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.