मेजोबाबूंची नोंदणी

कालिंदी टिपणीसांच्या घरात कुणी भाड्याने राहायला आलं की त्याला आधी चहा मिळायचा, मग किल्ली, आणि किल्लीच्या पाठोपाठ पोलीस ठाण्याचा अर्ज.

कोलकात्याच्या बेहाला भागात त्यांचं दोन मजली घर होतं. वर त्या आणि त्यांचे यजमान मनोहरपंत, खाली भाडेकरू. मनोहरपंत रेल्वेतले. शेवटची बदली गार्डन रीचच्या मुख्यालयात झाली, आणि निवृत्त झाल्यावर ‘यंदा पुण्याला जाऊ, पुढच्या वर्षी नक्की जाऊ’ म्हणता म्हणता दोघं इथेच रुजले. घर कालिंदीबाईंच्या नावावर. त्यामुळे मनोहरपंत पाहुण्यांना स्वतःची ओळख ‘मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू’ अशी करून देत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

घरात कोण राहतं हे घरमालकाने ठाण्याला कळवायचं, अशी पोलिसांची सूचना होती. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे दर वर्षी करार नवा आणि माहितीही नवी. गल्लीतले बाकीचे मालक या बाबतीत झोपेचं सोंग घेत. ठाण्याची पायरी कशाला चढा, आज माहिती दिली तर उद्या आयकरवाले दारात, अशी त्यांची समजूत. कालिंदीबाई मात्र भाडेकरूला बरोबर घेऊन, लहान मुलाला लस टोचायला न्यावं तशा ठाण्यात जायच्या. पोचपावतीवर शिक्का बसेपर्यंत खुर्ची सोडायच्या नाहीत.

याचं मूळ त्यांच्या संसारात होतं. लग्न झाल्यापासून रेल्वेची क्वार्टर्स. पलंग, टेबल, खुर्च्या, अगदी कपड्यांचा स्टँडसुद्धा सरकारी, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. बदली झाली की एक बाबू येऊन पंखे मोजून घ्यायचा. नव्या नवरीला पहिल्या दिवशी याची शरम वाटली होती. दहा घरं बदलल्यावर त्यातच तिला सुख वाटू लागलं. काय आहे, काय नाही, कुठे आहे, सगळं कागदावर. स्वतःचं घर झालं आणि एकाही वस्तूवर नंबर नाही म्हटल्यावर त्यांना काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. मग भाडेकरू आला आणि करमू लागलं.

तर अशा या घरी बंगाली नववर्षाच्या सुमारास तमोघ्न हाजरा नावाचा तरुण खोली बघायला आला. उंचापुरा, गालावर खळी, बोलणं लाघवी. चहा पिताना कालिंदीबाईंना बंगालीतली मावशी करून म्हणाला, “माशीमा, मी ह्याच तुमच्या ठाण्यात नवीन मेजोबाबू आहे.”

ठाण्याचे मुख्य अधिकारी ते बोडोबाबू आणि त्यांच्या खालचे ते मेजोबाबू, एवढं बंगाली गल्लीतल्या मांजरालाही कळतं. मनोहरपंतांनी कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. कालिंदीबाईंचा चेहरा उजळला होता.

“वा! म्हणजे काखेत कळसा,” त्या मराठीत पुटपुटल्या आणि अर्ज आणायला उठल्या.

हाजरा हसला. “माशीमा, हे अर्ज ठाण्यात घेतो कोण? मीच! तुम्ही काळजीच करू नका.”

“मग तर सोपंच झालं. हा घे, भर, एक फोटो दे. आपण दोघं जाऊ.”

“हो, हो. या आठवड्यात करू.”

आठवडा गेला. दुसरा गेला. कधी बंदोबस्त, कधी मोर्चा, कधी फोटोवालाच गावाला गेलेला. कालिंदीबाई जिन्यात गाठायच्या, आणि हाजरा बुटाची नाडी बांधता बांधता अशी काही गोड थाप मारायचा की त्या वर येईपर्यंत त्यांना ती खरी वाटायची. बाकी मुलगा गुणी. मनोहरपंतांशी फुटबॉलवर वाद घालायचा, बाजारातून मासे आणले की ‘वास तर येत नाही ना?’ विचारून जायचा, आणि रविवारी साबुदाण्याची खिचडी असली की वाटी घेऊन वर हजर.

“अगं, राहू दे की,” मनोहरपंत म्हणाले. “पोलिसाचीच काय पोलिसात नोंद करायची?”

“का? पोलीस राहतो म्हणजे माझं घर भाड्याचं नाही झालं?” त्या म्हणाल्या. “आणि अहो, मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटते नोंद करा, नोंद करा. उद्या कुणी विचारलं, तुमच्या खाली कोण राहतं हो, तर काय तोंड दाखवू?”

शेवटी त्यांनी हाजराला बजावलं. “हे बघ बाळा, या रविवारपर्यंत दिलं नाहीस, तर मी माझ्या परीने करीन.”

“करा, माशीमा,” हाजरा बेफिकीर हसला. त्याला वाटलं, म्हातारी काय करणार!

म्हातारीने रविवारी तो खिचडी खात असताना फोनवर त्याचा फोटो काढला. सोमवारी दुकानात नेऊन छापून घेतला. दुकानदाराने बनियन कापून काढलं, पण चमचा हनुवटीला इतका चिकटून होता की तो राहिलाच. अर्ज त्यांनी आपल्या बंगाली अक्षरात स्वतः भरला. कायमचा पत्ता: बराकपूर. नोकरीचं ठिकाण: हेच ठाणे. राहायला आल्याची तारीख, करारावर होती ती. भाडेकरूला ओळखणाऱ्या माणसाचं नाव लिहायच्या जागी त्यांनी विचार करून ‘आपले बोडोबाबू’ असं लिहिलं. ओळखपत्राची प्रत त्यांच्याकडे नव्हती, तिथे लिहिलं, ‘भाडेकरू समोरच्या टेबलावर बसतात, पाहून घ्यावे.’

ठाण्यात गेल्या तेव्हा समोरच्या टेबलावर कुणीच नव्हतं. हाजरा अजून आला नव्हता. म्हणून त्या अर्ज घेऊन थेट बोडोबाबूंच्या खोलीत गेल्या. बोडोबाबू जाडजूड, चष्मा कपाळावर. त्यांनी अर्ज वाचायला घेतला, आणि तारखेपाशी आल्यावर चष्मा नाकावर ओढला.

“माशीमा, हा मुलगा तुमच्याकडे बैशाखापासून राहतो?”

“हो तर. सज्जन आहे.”

“ठाण्यापासून तुमचं घर किती लांब?”

“अहो, मी चालत आले की आत्ता.”

बोडोबाबू खुर्चीत मागे रेलले. त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग हसू फुटलं ते आवरेना. तेवढ्यात हाजरा घाम पुसत दारात आला आणि सवयीने म्हणाला, “सॉरी सर. बराकपूर लोकल आज पुन्हा—”

मग त्याला कालिंदीबाई दिसल्या.

गोष्ट अशी होती की हाजराने ठाण्यात बिऱ्हाड बदलल्याचं कुणाला सांगितलंच नव्हतं. तो अजून आईजवळ बराकपूरला राहतो, सकाळची लोकल पकडून सियालदाला येतो आणि तिथून बसने धक्के खात ठाण्यात पोचतो, असाच सगळ्यांचा समज होता. कधी सिग्नल बिघडे, कधी मालगाडी आडवी येई, एकदा तर रुळावर म्हैस बसली होती. त्या सगळ्या वेळी हे हाजरासाहेब बेहाल्यात तक्क्याला टेकून दुसरा चहा घेत असायचे.

“म्हशीचं काय झालं रे पुढे?” बोडोबाबूंनी विचारलं. सगळं ठाणं खिडकीशी गोळा झालं. चमच्यासकट फोटो हातोहात फिरला. आणि बोडोबाबूंनी अर्जावर स्वतःच्या हाताने शिक्का मारून पोचपावती अदबीने कालिंदीबाईंना दिली.

शिक्का मिळाला, पण घरी येताना त्यांना त्याचा आनंद होईना. हाजराने त्यांच्याकडे बघितलं होतं ते त्यांना विसरता येत नव्हतं. रागाने नव्हे, आईने चारचौघांत मुस्कटात मारल्यावर मूल बघतं तसं.

“नियम तुझा बरोबर,” मनोहरपंत सगळं ऐकून म्हणाले, “पण पोराचं नाक कापलंस गं.”

“मला काय माहीत त्याने लोकल चालवली आहे ती!”

पण जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी करंज्या केल्या आणि डबा खाली ठेवून आल्या. संध्याकाळी डबा जसाच्या तसा वरच्या पायरीवर परत आला. रविवारी खिचडीचा वास जिना उतरून गेला, पण वाटी वर आली नाही. जिन्यात भेट झाली तर हाजरा ‘नमस्कार’ म्हणे, माशीमा म्हणत नसे. कालिंदीबाईंना त्या एका शब्दाची इतकी सवय झाली होती हे त्यांना तेव्हा कळलं. ठाण्यात जाण्याआधी त्याला एकदा खाली बसवून ‘अडचण काय आहे तुझी?’ असं विचारायला हवं होतं, असं त्या स्वतःशीच दहा वेळा म्हणाल्या.

इकडे बोडोबाबूंनी शिक्षा मोठ्या चोखंदळपणे निवडली. दुर्गापूजेच्या आधी भागातल्या सगळ्या भाडेकरूंची नोंद झाली पाहिजे, आणि ते काम मेजोबाबूंनी घरोघर जाऊन करायचं.

हाजरा घरोघर गेला. आणि त्याला शोध लागला की या भागात भाडेकरू कुणाकडेच नाही. जो तो म्हणे, हा माझा भाचा. ती? ती बायकोची मावसबहीण. वरच्या मजल्यावरचे चौघे? गावाकडून कलकत्ता बघायला आलेत, परवा जातील. प्रत्येक घरी संदेशची मिठाई खायला घालायचे, पंख्याखाली बसवायचे आणि कोऱ्या अर्जासकट परत पाठवायचे.

एका संध्याकाळी कालिंदीबाईंच्या दारात बुटांचा आवाज झाला. हाजरा टोपी हातात घेऊन उभा.

“चहा आहे का?” त्याने जमिनीकडे बघत विचारलं.

“चहा आहे. राग गेला का?”

“अर्धा गेला, माशीमा. उरलेला तुम्ही माझ्याबरोबर दत्तबाबूंकडे आलात तर जाईल.”

‘माशीमा’ ऐकून कालिंदीबाईंना इतकं बरं वाटलं की त्या आधण गॅसवर तसंच ठेवून चपला शोधायला लागल्या. मग आठवण होऊन वळल्या. “तुला न विचारता केलं मी. चुकलंच माझं.”

“मीही रुळावर म्हैस बसवली होतीच ना,” हाजरा म्हणाला आणि स्वतःच आत जाऊन गॅस बंद केला.

दत्तबाबू म्हणजे गल्लीतले जुने, मुरलेले घरमालक. लुंगी सावरत त्यांनी दार उघडलं, आणि बरोबर कालिंदीबाई बघून त्यांचा चेहरा जरा उतरला. तरी गडी हिंमतीचा. “माझ्याकडे कुठला भाडेकरू? मागच्या खोलीत माझा भाचा आहे. सख्खा.”

“बोलवा की,” कालिंदीबाई म्हणाल्या. “बघू तुमच्यावर गेलाय का.”

भाचा आला. चष्मा, अर्धी चड्डी, हातात भेंडी कापायची सुरी. मागून एक मुलगी डोकावली. कालिंदीबाईंनी एकवार त्या भेंडीकडे बघितलं, फोडणीतल्या गोड्या मसाल्याचा वास घेतला, आणि सहज म्हणाल्या, “काय रे, जेवणं व्हायची का अजून?”

“हो काकू, आत्ताच कुकर लावलाय,” भाचा उत्तरला. आणि मग त्याला दत्तबाबूंचे डोळे दिसले.

हाजराला मराठी येत नव्हतं, पण भाचा बंगालीत बोलला नाही एवढं त्याला समजलं.

“म्हणजे,” दत्तबाबू खाकरले, “माझी बहीण लहानपणीच नागपूरला दिलेली—”

“लहानपणी?” कालिंदीबाईंनी कमरेवर हात ठेवले. “दत्तबाबू, बालविवाह केलात? आणि तेही मेजोबाबूंच्या समोर कबूल करताय?”

हाजराने इतक्या गंभीर चेहऱ्याने पेन उघडलं की दत्तबाबू मटकन खुर्चीत बसले. मुलगा क्षितिज, एका कंपनीत आयटीत. त्याची बायको सानिका, बँकेत. दोघंही बेजार झालेले होते, कारण भाचा म्हणून राहायचं तर पत्त्याचा कागद मिळेना, आणि कागद नाही म्हणून गॅसची जोडणी मिळेना. विजेच्या शेगडीवर पोळी कशी कडक होते ते सानिकाने कालिंदीबाईंना तिथल्या तिथे सांगायला घेतलं. दत्तबाबूंनी शेवटी सही केली, पण करताना म्हणाले, “भाचा म्हणून वाईट नव्हता हो. रोज माझा बाजार आणायचा.”

“आता भाडेकरू म्हणून आणीन, काका,” क्षितिज म्हणाला.

दत्तबाबूंनी मान तुकवल्यावर बाकीची गल्ली वळायला वेळ लागला नाही. पुढचे कित्येक दिवस संध्याकाळी ही जोडी फिरत होती: पुढे कालिंदीबाई, मागे अर्जांचा गठ्ठा घेतलेले मेजोबाबू. लोक मेजोबाबूंना नमस्कार करत आणि कालिंदीबाईंना घाबरत. पूजेच्या आधी काम उरकलं, आणि बोडोबाबूंनी हाजराला सुटीचे चार दिवस जास्त दिले.

त्या सुटीत तो आईला भेटून आला तो गप्पगप्प. विचारलं तर म्हणाला, आई एकटीच असते, जिना चढताना धाप लागते. यावेळी कालिंदीबाईंनी त्याला खाली बसवलं आणि सगळं बोलू दिलं. मग एवढंच म्हणाल्या, “खालची मागची खोली रिकामीच आहे.”

हिवाळ्यात हाजराची आई बराकपूरहून आली, दोन ट्रंका आणि एक पितळी पानाचा डबा घेऊन. पहिल्याच दिवशी तिने कालिंदीबाईंची आमटी चाखून त्यात गूळ कमी आहे असं सांगितलं. कालिंदीबाईंनी तिच्या डाळीत साखर जास्त आहे असं सांगितलं. दोघींची तिथून जी गट्टी जमली, ती मनोहरपंतांना रोज दोघींच्या दोन वाट्या संपवाव्या लागत त्यावरून कळत होती.

पुढचा बैशाख यायच्या आधीच करार नवा झाला. ठाण्यात दोघी म्हाताऱ्या रिक्षाने गेल्या. हाजरा कामावर होता. त्याने उठून दोघींना खुर्च्या दिल्या आणि अर्ज पुढे ठेवला. वयाच्या रकान्यापाशी आईने पेन थांबवलं.

“हे लिहिणं गरजेचं आहे?” तिने मुलाला विचारलं.

“आहे, मा.”

तिने कालिंदीबाईंकडे बघितलं. “तुझं किती?”

“मी मालकीण. मला विचारत नाहीत,” कालिंदीबाई म्हणाल्या. आई त्यावर इतकी चिडली की आतल्या खोलीतून बोडोबाबू बाहेर येऊन बघून गेले.