आत्याची काठवट

माझ्या आतोबांच्या हातून उभ्या आयुष्यात एकही वस्तू बिघडली नाही. हे माझं मत नव्हे, त्यांचं आहे, आणि ते पारनेरात कुणालाही थांबवून सांगायला तयार असत. गृहस्थ मामलेदार कचेरीत कारकून. पण गावातला कातारी धंदा गुंडाळून नगरला निघाला, तेव्हा लाकूड कातायचं त्याचं जुनं यंत्र त्याने यांच्या गळ्यात मारलं, आणि त्या दिवसापासून कचेरी हा आतोबांचा जोडधंदा झाला. यंत्र म्हणजे दोन खुंट, मध्ये एक दांडा आणि दांड्याला वेढलेली कातड्याची वादी. समोर एकाने बसून वादी मागेपुढे ओढायची, दांड्यावरचं लाकूड गरगरा फिरायचं, आणि आतोबा त्याला पटाशी लावायचे. वादी ओढायला कोण? अर्थात आत्या! स्वयंपाक आटोपला की पदर खोचून बसायची बिचारी. भांडण झालं की मात्र ती वादी सोडून उठून जायची, आणि मग काय, कारखाना बंद.

माझी पारनेरला मुलींच्या शाळेत नेमणूक झाली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा लढाई चालू होती. पितळेची भांडी घ्यायची म्हणजे डोळे पांढरे व्हायचे. आतोबांना वाटलं, आता लाकडाचे दिवस आले! रोज कचेरीतून आले की सदरा खुंटीला आणि हे यंत्रावर. ‘बिघडलं’ हा शब्द त्या घरात उच्चारायची चोरी होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मिठासाठी भांडं करायला घेतलं आणि कोरता कोरता बुडाच्या पार गेले. मी ‘अगंबाई!’ म्हणून ओरडले. आतोबांनी शांतपणे ते भांडं डोळ्याला लावलं, त्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “झालं नरसाळं. रॉकेल ओतायला नव्हतंच आपल्याकडे.” एकदा कुंकवाचा करंडा केला, त्याला झाकण बसेना. दुसरं झाकण केलं, ते इतकं ऐसपैस झालं की त्यालाच करंडा ठरवून मूळचा करंडा उपडा करून त्याच्यावर ठेवला. पोळपाट एका अंगाला उतरतं झालं, तर म्हणे पोळी आपोआप फिरते. फिरायची खरी, पण थेट चुलीकडे! आणि कशाचंच काही जमलं नाही, तर शेवटी भोवरा ठरलेला. गावातल्या एकूण एक पोराच्या खिशात आतोबांचा भोवरा होता, आणि प्रत्येक भोवऱ्याच्या पोटात आत्याचं एकेक न झालेलं भांडं होतं. “अहो, एकदा तरी जे करायला घेता तेच करून उठा की!” असं ती म्हणायची. त्यावर आतोबा म्हणायचे, “लाकडाच्याही मनात काही असतं. आपण आडवं येऊ नये.”

आत्याला हवी होती फक्त एक काठवट. भाकरीचं पीठ मळायला आणि भाकरी थापायला लाकडी परात, आणखी काही नाही. पण तेवढा रुंद ठोकळा पारनेरच्या उघड्याबोडक्या माळावर आणायचा कुठून? ती आपली शेजारच्या पाटलीणकाकूंची काठवट मागून आणायची, घासूनपुसून परत द्यायची, आणि दर वेळी तोंड एवढंसं करून यायची. मग एकदा तिच्या माहेरचा, देवळाली प्रवऱ्याचा, परसातला आंबा वाळला. माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या दादाने, तो तोडताना बुंध्याचा एक जाडजूड ठोकळा तिच्यासाठी काढून ठेवला आणि मोटारीच्या टपावरून पाठवून दिला. ठोकळा उतरवून घेताना आत्याने त्याच्यावरून असा हात फिरवला की मी दुसरीकडे बघायला लागले. त्या झाडाखाली तिचं सगळं लहानपण गेलं होतं. आता ते झाड नव्हतं आणि दुसरा ठोकळाही यायचा नव्हता.

“याला हात लावायचा नाही,” तिने आतोबांना बजावलं. “नगरहून कातारी येईल तेव्हा येईल.” आतोबांना हे फार लागलं. दोन्ही वेळा आमटी परत वाढून घ्यायचे, ती घेईनासे झाले. ठोकळा माजघरात वाळत पडला. येताजाता ते त्याच्यावर टिचकी मारून कान लावायचे, उसासा टाकायचे आणि आत्याला ऐकू गेला की नाही हे बघायचे. कातारी काही येईना. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि उसाशांना कंटाळून शेवटी आत्याच म्हणाली, “करा. पण वादी मी ओढणार आणि काठवटच झाली पाहिजे. नरसाळं नको, करंडा नको, आणि भोवरा केलात तर मी माहेरी जाईन!”

त्या रविवारी आतोबांनी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून काम सुरू केलं. एरवी पटाशी लावताना त्यांचं तोंड अखंड चालायचं, त्या दिवशी अवाक्षर नाही. आणि काय सांगू, काठवट सुरेख उतरत होती! काठ गोल, पोट सारखं, आंब्याच्या लाकडाचा पिवळसर रंग उजळत चाललेला. पाटलीणकाकू कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, “बाई, लई ब्येस हुतंय की वं!” शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. तेवढ्यात खाडकन आवाज झाला, पटाशी उडाली, एक कपची माझ्या कानाजवळून गेली आणि वादी आत्याच्या हातातून सुटली. दांडा थांबला तेव्हा काठवटीच्या बरोबर मध्यावर बंद्या रुपयाएवढं आरपार भोक होतं.

मी आतोबांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता हे काय म्हणणार? चाळण? दिव्याचं झाकण? आतोबांनी पटाशी खाली ठेवली. “चुकलं,” ते म्हणाले. “माझं चुकलं.” आणि उठून परसातल्या दगडावर पाठ करून जाऊन बसले. इतकी वर्षं आम्ही ज्या शब्दाची वाट पाहिली तो ऐकल्यावर मला रडूच आलं.

आत्या मात्र भुशात काहीतरी शोधत होती. तिने एक वाकडा, गंजलेला खिळा उचलला, पदराने पुसला आणि एकदम ओरडली, “अगं, हा दादाचा खिळा!” झोपाळ्याची दोरी घसरू नये म्हणून माझ्या वडिलांनी लहानपणी तो झाडात ठोकला होता. झाड वाढत गेलं आणि खिळा पोटात घेऊन बसलं. आत्या हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली, आणि तशीच परसात गेली. “अहो, उठा. जगाची भांडी वाचवता आणि माझी टाकून देता होय? भोकात लाकडाची गुडदी ठोकून ते बुजवा.”

आतोबांनी बाभळीची गोल गुडदी कातली. एक सैल झाली, एक तिरकी, त्यांचे भोवरे झाले, एक बसली. पिठाचं पाणी पिऊन ती अशी फुगली की थेंब गळेना. फक्त काठवटीच्या तळातून ती नखभर वर राहिली, त्यामुळे आत्याच्या प्रत्येक भाकरीच्या मधोमध एक गोल वळं उमटू लागलं. पहिलीच भाकरी ताटात पडली तशी आतोबांनी ती उलटून पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला. “मुद्दामच ठेवलंय,” ते मला म्हणाले. “आपल्या घरची भाकरी ओळखू यायला नको?” त्या दिवशी त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली. त्यानंतर कधीही, कुठलीही भाकरी असो, ते आधी उलटून वळं बघायचे आणि मगच मोडायचे. “घरचीच आहे हो!” आत्या म्हणायची. “खात्री केलेली बरी,” हे त्यांचं उत्तर.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी पारनेरला गेले होते. आत्या थकलीय, पण भाकरी तीच थापते आणि त्याच काठवटीत. थापून थापून गुडदी झिजलीय, पार तळाशी सपाट झालीय. बोट फिरवलं तरी लागत नाही. भाकरीवर आता वळं उठत नाही. मला वाढताना आत्याने तव्यावरची भाकरी हातात घेतली, उलटून पाहिली, क्षणभर तशीच धरली आणि मग माझ्या ताटात ठेवली.