देवीच्या विहिरीत पावडर

देवीवरचा माझा विश्वास त्या आठवड्यात उडाला होता, हे आधीच सांगून टाकते. चाळीस वर्षं मी गावदेवीचं देऊळ झाडलं, तिच्या विहिरीचं पाणी शेंदून तिला रोज आंघोळ घातली, आणि तिने माझ्याच घरातली गरोदर सून आडवी पाडली. मला राग आला होता. मी चौथी शिकलेली बाई आहे, सजवून लिहिता येत नाही. झालं तसं लिहिते.

आमचं गाव वडखळपासून आत, खाडीकाठी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध आहे, त्याच्या जिवावर आम्ही जगतो. नव्वद सालानंतरच्या एका पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकदमच आले आणि बांधाला मोठी खांड पडली. खारं पाणी शेतात शिरलं, मग घरांत. तळं खारट झालं. देऊळ टेकाडावर, म्हणून देवीची विहीर तेवढी गोड राहिली. सगळं गाव हंडे घेऊन तिथे आलं आणि मला मोठा अभिमान वाटला. पण कोरडी जागाही तेवढीच उरली होती, त्यामुळे लोक परसाकडेही देवळामागेच जायचे. पावसाचे ओघळ तिकडून येऊन विहिरीच्या कठड्याच्या फटीतून आत जात होते. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी गोड आहे म्हणजे चांगलंच आहे, एवढीच आमची अक्कल.

चार दिवसांत घरोघर जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. आमच्याकडे जुलाब लागले की माणसाचं पाणी तोडायचे. पाण्याने जुलाब वाढतात असं म्हणायचे. शेजारच्या पार्वतीला मी दिवसभर कोरडी ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ देवीच्या विहिरीचं तीर्थ पाजलं. ती गेली. तिसऱ्या दिवशी माझी सून सुनंदा पडली. तिला पाचवा महिना होता. मुलगा रोह्याला कंपनीत शिफ्टमध्ये अडकलेला, रस्ता पाण्याखाली, निरोप पाठवायची सोय नाही. मी सुनंदालाही तीर्थच देत बसले. तिचे डोळे खोल गेले, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. मी देवीला म्हटलं, आता तू दिसलीस तर खरं.

दुपारी मिठागरवाल्यांच्या होडीतून एक नर्सबाई आली. आमची नेहमीची बाई नव्हे, कुठल्या तरी दुसऱ्या दवाखान्यातून पाठवलेली. वरसे गावची आहे म्हणाली. गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात सलाइनच्या दोन बाटल्या, दुसऱ्या हातात पाण्यात टाकायच्या पांढऱ्या ब्लीचिंग पावडरची पिशवी. पाणी तोडलंय हे ऐकून ती मला ओरडली नाही. चूल पेटवायला लावली, पाणी उकळून गार केलं, त्यात मीठ आणि साखर घातली आणि सुनंदाला चमच्याचमच्याने पाजू लागली. पाजता पाजता पाणी कुठलं पिता ते विचारलं, आणि हा आजार विहिरीतूनच आलाय, ही पावडर तिच्यात टाकायला हवी म्हणाली. अर्ध्या तासाने तिने सुनंदालाच विचारलं, "बाय, दोन गोष्टी हायत. होडीत घालून तुला पेणला नेते, पण वाटेत दोन तास हाल होतील. नायतर इथंच हे पाणी पीत राहायचं, मी जवळ बसते, उतार नाय पडला तर सलाइन लावते. दोन्हीत धोका हाय. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तिला काय विचारताय? मी हाय ना सासू."

"तुम्हांलापण विचारते, आजी. पण पोट तिचं हाय."

आमच्या घरात येऊन सुनंदाला चार वर्षं झाली होती. तिला कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही, मी तर नाहीच. ती हळूच म्हणाली, "मी इथंच राहते. पण बाई, आधी विहिरीचं बघा. मला सलाइन लावाल नि खाली पार्वतीकाकूची नातवंडं त्येच पाणी पितील."

"माझं पण तेच म्हणणं हाय," नर्सबाई म्हणाली. "दोन बाटल्यांनी दोन माणसं उठतील. ही पावडर अख्खं गाव उठवेल."

देवीच्या विहिरीत औषध! माझे दीर देवळाचे गुरव. ते म्हणाले, कौल लावू. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावल्या. आम्ही बघत बसलो. एकही पडेना. तास गेला. दीर म्हणाले, "आज देवी बोलत नाय. उद्या बघू."

नर्सबाई चपला काढून पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "मी सरकारी माणूस हाय, आताच्या आता टाकू शकते. पण मग तुम्ही लोक दुसऱ्या डबक्याचं पाणी प्याल. तुम्ही टाकलंत तर गाव पिईल."

मी देवीकडे बघितलं. तिचं लुगडं मळतं तेव्हा मी साबण लावते, तेव्हा कधी कौल लावलेला नाही. मग पाणी मळलं तर मला कोणाला विचारायचंय? आणि विचारायचंच असतं, तर पार्वतीला तीर्थ पाजताना का नाही विचारलं? ते मी माझ्या मनानेच पाजलं होतं आणि देवीच्या नावावर घातलं होतं. मी उठले. दीर म्हणाले, "वहिनी, पाप लागंल."

"लागलंय अगोदरच," मी म्हटलं. "पावडर आणा, बाई."

तिने सांगितलं तशी मी बादलीत पावडर कालवली, चुना खाली बसू दिला, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोराने विहिरीत सोडलं आणि बादली वरखाली करून ढवळलं.  परत देवळात आले तर उजव्या खांद्याची पाकळी देवीच्या पायाशी पडलेली. कधी पडली कोणी पाहिलं नाही. वाळली म्हणून पडली असेल. कोणी काहीही म्हणो, मी भांडत नाही. मी तिथे डोकं टेकलं आणि मला रडू आलं, इतकंच मला माहीत आहे. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

सुनंदाला सलाइन लावावी लागली नाही. त्या दोन्ही बाटल्या पार्वतीच्या घरी, तिच्या नातवंडांना लागल्या. गावात आणखी कोणी दगावलं नाही. थंडीत सुनंदाला पेणला मुलगी झाली. मी नर्सबाईंना पोरीच्या बारशाचं सांगायला वरशाला गेले, तर घर बंद, बदली झाली म्हणाले. पुन्हा भेट नाही.

पूर्वी मी म्हणायचे, सगळं देवीवर सोपवलंय. खरं तर माझ्या चुका तिच्यावर ढकलायचे. आता माझ्या हातचं काम मी करते आणि मग हात जोडते. दर पावसाळ्यात विहिरीत पावडर मीच टाकते. तीर्थाला वास येतो म्हणून बायका तोंड वाकडं करतात. मी म्हणते, "पी गो. देवीचंच हाय." आणि पहिली पळी पार्वतीच्या नातवंडांच्या हातावर घालते.